पाळकाचा पाय

मला साखर आहे हे घरात बायकोला आणि मुलीला माहीत होतं. मंडळीला मात्र मी कळूच दिलं नव्हतं. मंडळी म्हणजे आमच्या सांगलीच्या चर्चमधली माणसं. मी त्यांचा पाळक. आजारी माणसाच्या खाटेजवळ उभं राहायचं, कपाळावर हात ठेवून प्रार्थना करायची, हे माझं काम. अशा माणसानं स्वतःच रोज सकाळ-संध्याकाळ गोळी घ्यावी आणि ते चारचौघांत कळावं, हे मला बरं वाटत नव्हतं. तसं मला कोणी बोललं नव्हतं. माझं मीच ठरवून टाकलं होतं.

लपवायचं म्हटलं की सगळ्यात आधी चहा आडवा येतो. माधवनगरला आमची बरीच जुनी कुटुंबं आहेत, पूर्वी गिरणीत कामाला असलेली. तिथल्या एका गल्लीत भेटी द्यायला गेलो की घराघरात आधण ठेवलेलं असायचं. एका घरचा घेतला आणि दुसऱ्या घरचा नाही घेतला, तर पुढच्या रविवारी ती बाई माझ्याशी बोलायची नाही. बिनसाखरेचा मागितला तर कारण सांगावं लागणार. म्हणून मी गोड चहा पीत राहिलो, आणि घरी बायकोनं विचारलं की विषय बदलत राहिलो.

आमच्याकडे पाय धुण्याचा विधी पूर्वी नव्हता. साताऱ्याहून बदली होऊन आलो तेव्हा तो मी सुरू केला. गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी, प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, पाळकानं कमरेला टॉवेल बांधायचा आणि मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुवायचे. लोकांना हे फार आवडलं. बायका पदरानं डोळे पुसायच्या. कोणीतरी फोटो काढायचं आणि दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या मोबाइलवर फिरायचे. गुडघ्यांवर बसलेला मी त्या फोटोंत चांगला दिसायचो, आणि ते मला ठाऊक होतं.

त्या बारा जणांत एक माणूस कधीच बसला नाही. ते आमच्या कमिटीतले सगळ्यात जुने सभासद, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मूळचे उंब्रजकडचे, आता सांगलीत मुलाजवळ राहतात. कमिटीत मी काहीही मांडलं की पहिला आक्षेप त्यांचा. नवा माइक कशाला, आहे तो वाजतोय. उपदेश इतका लांब कशाला, निम्म्या वेळात होतो. खुर्चीत बसा म्हणून दर वर्षी मी त्यांना विचारायचो आणि दर वर्षी ते म्हणायचे, दुसरं कोणी घ्या. हट्टी माणूस, असं मी मनात म्हणून सोडून द्यायचो.

दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची मुलगी साताऱ्यात असते. तिचं पहिलं बाळंतपण होतं म्हणून बायको ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या सुरुवातीलाच तिकडे गेली. इकडे मी एकटा. सकाळी चहावर राहायचो आणि दुपारी जे मिळेल ते खायचो. मंडळीला सांगितलं होतं की पाळकसाहेबांचा उपवास आहे. साखर असलेल्या माणसानं असा उपवास करू नये हे मला कळत होतं, पण व्यासपीठावरून दुसऱ्यांना उपवास सांगायचा आणि आपण भाकरी मोडायची हे जमेना. त्यातच एका भर दुपारी कबरस्तानात दफनविधी होता. नव्या चपला घालून गेलो होतो. घरी येऊन पाहिलं तर उजव्या अंगठ्याखाली फोड आला होता. दुखत नव्हता, म्हणून मी त्यावर पट्टी चिकटवली, मोजा चढवला आणि विसरून गेलो. न दुखणं हेच वाईट लक्षण असतं, हे पुढे डॉक्टरांनी सांगितलं. फोनवर बायको रोज विचारायची, जेवलात का, गोळी घेतली का. पायाबद्दल ती विचारणार नाही, हे उघड होतं. मीही सांगितलं नाही.

पाय धुण्याच्या त्या गुरुवारी दुपारपासून अंग कसकसत होतं. कामाच्या गडबडीनं असेल असं वाटलं. संध्याकाळी उपासना सुरू झाली, मी झगा उतरवला, टॉवेल बांधला आणि पाय धुवायला बसलो. घंगाळ्यातलं पाणी सांडून माझे मोजे ओले झाले. शेवटच्या माणसाचे पाय पुसून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी बाकाला धरून उभा राहिलो. लोकांना वाटलं, पाळकसाहेब भारावले. गायनमंडळानं गीत जास्तच हळू केलं.

आशीर्वाद देऊन मी मागच्या खोलीत आलो. झगा तिथेच टांगतो आम्ही. माझ्या मागोमाग सुभेदार आत आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. मला वाटलं, पुन्हा माइकचं काहीतरी असणार.

ते म्हणाले, "पाळकसाहेब, उजव्या पायातला मोजा काढा."

मी म्हटलं, काही नाही, फोड आलाय.

"तुमी गुडघ्यावर बसला हुता तवा मी मागनं बघत हुतो. मोज्याला डाग हाय. फोडाचा न्हाई त्यो. काढा."

मी खुर्चीवर बसलो, पण हात पुढे होईना. तेव्हा ते स्वतःच खाली बसले. त्यांचे गुडघे चांगले नाहीत, बाकाचा आधार घेत घेत बसावं लागलं त्यांना. "तुम्ही नका, तुम्ही नका," असं मी दोनदा म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं नाही. मोजा उतरवला, माझी टाच मांडीवर घेतली आणि नुसतं बघत राहिले. वास मलाही आला. त्यांनी पिशवीतून पिण्याच्या पाण्याची बाटली काढली आणि जखमेवर सावकाश धार धरली. मग टॉवेलच्या कोरड्या टोकानं भोवतीचं पाणी टिपलं. शिष्यांपैकी पेत्रानं प्रभूला हेच म्हटलं होतं, माझे पाय तुम्ही धुवायचे नाहीत. तो अध्याय तासाभरापूर्वी मीच वाचून दाखवला होता, पण त्या वेळी मला त्याची आठवणसुद्धा झाली नाही. मला फक्त लाज वाटत होती.

"माझा भाऊ बी असंच म्हणत हुता," ते खाली मान घालूनच बोलले. "काय न्हाई, फोड हाय. मी रजेवर आलो तवर गुडघ्याखालनं पाय काढला हुता त्येचा. तवापासनं कुणाच्या हातात पाय द्यायचा म्हटलं की मला त्योच दिसतो. म्हणून बसत न्हाई मी तुमच्या त्या खुर्चीत."

इतक्या वर्षांत त्यांना 'का' असं मी एकदाही विचारलं नव्हतं.

त्यांचा मुलगा गाडी घेऊन आला आणि आम्ही मिरजेला दवाखान्यात गेलो. तपासणाऱ्या डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी रक्त घेतलं, पाय खालून-वरून पाहिला आणि दाखल करून घेतलं. सकाळी जखम साफ करू, अंगठा राहतो का ते नंतर बघू, असं त्यांनी सरळ सांगितलं. आजच आलात हे बरं झालं, असंही म्हणाल्या.

मला मात्र उद्याची काळजी. गुड फ्रायडेला आमच्याकडे प्रभूनं क्रुसावर काढलेल्या सात उद्गारांवर सात उपदेश असतात. इतर ठिकाणी सात जण बोलतात. आमच्याकडे सातही मीच करायचो, तीन तास उभा राहून. कोणाला सांगायचं तर तयारी करून घ्या, तपासा, त्यापेक्षा आपणच केलेलं बरं असं मला वाटे. मी सुभेदारांना म्हटलं, सकाळचं साफ करणं झालं की मला दुपारपुरतं सोडतील का, ते विचारून बघा.

ते म्हणाले, उद्या सात जण बोलतील, तुम्ही झोपा. कोण सात, असं मी विचारलं तर म्हणाले, बघतो की. मग खाटेजवळचं स्टूल ओढून बसले आणि त्यांनी हळू आवाजात विचारलं, "मंडळीला काय सांगू? पाळकसाहेबांना ताप आलाय म्हणू, का खरं सांगू?"

ताप होताच, तेवढं सांगून भागलं असतं. त्यांनीही तेवढंच सांगितलं असतं, कारण ते शब्दाचे पक्के आहेत. शेवटी मी म्हणालो, "खरं सांगा. साखर आहे म्हणावं, पुष्कळ वर्षांपासून."

त्यांनी मान हलवली आणि गेले. पुढं काय होईल ते ऐकायला मी जागा राहिलो नाही. सलाइन लावलेल्या हातानंच पांघरूण ओढून घेतलं आणि झोपलो. तशी झोप मला कितीतरी वर्षांत लागली नव्हती. सकाळी नर्सबाईंना मला हलवून उठवावं लागलं.

सुभेदारांच्या मुलानं रात्रीच फोन केला होता, बायको साताऱ्याहून पहिल्या एसटीनं आली. नात आणि मुलगी दोघीही ठीक होत्या, नाहीतर ती हललीच नसती. पट्टीकडे बघून ती रडली नाही की रागावली नाही. डबा उघडला, भाकरी कुस्करून पुढे ठेवली आणि मी खाऊन संपवेपर्यंत समोर बसून राहिली. मग म्हणाली, "आता मला फोनवर पायाचंसुद्धा विचारावं लागणार का?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, विचारणारच आहे.

त्या संध्याकाळी गायनमंडळातले एक गृहस्थ चर्चमधून निघून भेटायला आले. सात उद्गार कसे झाले, असं मी विचारलं. खरं सांगायचं तर माझी उणीव भासली, असं ऐकायला मी उत्सुक होतो. ते म्हणाले, "चांगले झाले. वेळेत संपले." शाळेतल्या एक बाई बोलल्या, कॉलेजची एक मुलगी बोलली, सुभेदार 'मला तहान लागली आहे' या उद्गारावर अगदी थोडं बोलले आणि खाली बसले. मला आधी टोचलं. मग बायको हसू लागली, आणि मलाही हसू आवरेना. वेळेत संपले! माझे कधी संपले नव्हते.

पुढच्या आठवड्यात भेटायच्या वेळेला माझ्या खाटेभोवती इतकी माणसं यायची की नर्सबाई रागवायच्या. त्यांत माधवनगरच्या एक आजी आल्या. त्यांच्या घरचा चहा मी सगळ्यांत जास्त प्यालो असेन. थर्मास उघडत त्या म्हणाल्या, "बिनसाखरेचा हाय. घरी मी असलाच पिते. मला बी हाय की साखर."

मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलंत?

"तुमी म्हणला असता, इस्वास ठेवा, जाईल. आन् न्हाई गेली म्हंजी? माझाच इस्वास कमी पडला, असं झालं असतं."

मी माझं लपवलं म्हणून त्यांनी त्यांचं लपवलं. त्यांच्याच घरी आम्ही दोघं समोरासमोर बसायचो. मी गोड चहा प्यायचो आणि त्या, आपला नंतर घेते, असं म्हणायच्या. तो बिनसाखरेचा चहा काही चवदार नव्हता. आम्ही दोघांनी तो संपवला. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. लांबण न लावता, एवढंच म्हणाल्या की प्रभू, याचा पाय राहू दे आणि याला जेवायची बुद्धी दे.

अंगठा राहिला. डॉक्टरांनी पट्टी सोडून पाहिलं, दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "राहिला." बायकोनं खाटेचा दांडा घट्ट धरला होता, तो सोडला.

वरिष्ठांनी मला विश्रांतीसाठी रजा दिली. मी मुलीकडे साताऱ्याला गेलो. रविवारी तिथल्या चर्चमध्ये, जिथे मी पूर्वी पाळक होतो, शेवटच्या बाकावर बसायचो. नातीला मांडीवर घेऊन. पहिल्या रविवारी उपदेश चालू असताना, इथे हा मुद्दा राहिला, तिथे तो राहिला असं मनात चालू होतं. तिसऱ्या रविवारी ते थांबलं. चौथ्या रविवारी मला डुलकी लागली आणि नातीनं चष्मा ओढला तेव्हा जाग आली. कोणी काही बोललं नाही.

सांगलीला परत आलो तेव्हा कमिटीनं ठरवलेलं होतं की महिन्यातून एका रविवारी मंडळीतलं कोणीतरी उपदेश करेल आणि सोमवारी पाळकांना सुट्टी, त्यांना फोन करायचा नाही. सोमवारच्या ठरावाला आक्षेप फक्त मीच घेतला. सुभेदार म्हणाले, "नामंजूर." पुढच्या वर्षी पाय धुण्याच्या दिवशी मी फोटो काढू नका म्हणून सांगितलं आणि लोकांनी आपल्या शेजाऱ्याचे पाय धुतले. सुभेदार त्याही वर्षी बसले नाहीत. मी आग्रह केला नाही. घंगाळ्यात पाणी ओतायला मात्र ते उभे राहिले.

या मे महिन्यात बायकोच्या माहेरचं लग्न होतं, फलटणला. मी पाहुणा म्हणून गेलो. लग्न लावायला तिथले तरुण पाळक होते. विधी झाल्यावर मांडवात माणसं त्यांना सोडेनात. कोणाला घरी प्रार्थना हवी होती, कोणाला दाखला. झग्यातून घाम निथळत होता. मी दोन ताटं वाढून घेतली, त्यांच्याजवळ गेलो आणि जेवलात का, असं विचारलं. ते म्हणाले, होईल, यांचं जरा आटोपतो. मी त्या लोकांना म्हटलं, यांना अर्धा तास द्या. मग आम्ही दोघं मांडवाच्या कडेला, पंख्याखाली जाऊन बसलो. ते पहिले चार घास भराभर जेवले. मग हळूहळू जेवू लागले.