विषयाबाहेरची भिंत

पडद्यावर मी बोंबील वाळत घालत होते आणि दिवाणखाना रडत होता. म्हणजे खुर्च्यांवर बसलेल्या, मुंबईहून आलेल्या बायका रडत होत्या. आम्हा कोळणींना दाराशी सतरंजी टाकली होती. "मावशी, तुम्हाला खालीच बरं वाटतं ना?" बंगल्याच्या मालकीणबाईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता खुर्ची उचलून नेली. सतरंजीवर माझ्याच कोळीवाड्यातल्या बाया तोंडात पदर कोंबून हसत होत्या.

शेजारची काशी कानात म्हणाली, "अगो, सुकलेलं बोंबील परत सुकवतंस व्हय?"

हसणारच. ओल्या बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकायची, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पण हे सिनेमावाले शूटिंगला आले भर पावसाळ्यात, मासेमारी बंद असताना. ओला बोंबील आणणार कुठून? दिग्दर्शकानं अलिबागच्या बाजारातून सुके आणले. जबडे अडकवायला गेलं की मोडायचे. "चालेल मावशी, कुणाला कळतंय?" म्हणाला. मी एरवी गाऊनवर वावरते. मला सासूचं लुगडं नेसायला लावलं. मीही नेसले. कॅमेऱ्याला भुलले, खोटं कशाला बोलू? त्याची लाज मला अजून वाटते.

सिनेमा सरकारच्या नव्या बंदराविरुद्ध होता. त्यावरून वर्तमानपत्रांत रण माजलं होतं. एक म्हणतो सिनेमावर बंदी घाला, दुसरा म्हणतो घालून दाखवा. बंदर नको असं मलाही वाटतं, ते मी कॅमेऱ्यापुढे सांगितलंच. पण त्याआधी तासभर दुसरं सांगितलं होतं. आमचं मासे सुकवायचं खळं बंदरानं नाही गेलं. बंदर अजून कागदावर आहे. खळं गेलं ते ह्याच बंगल्याच्या कुंपणात. आधी चिरे येऊन पडले, मग भिंत उभी राहिली, मग फाटक लागलं. तेव्हापासून आम्ही रस्त्याच्या कडेला डांबरावर मासळी पसरतो आणि गाड्यांची धूळ खातो.

त्यातला एक शब्द पडद्यावर नव्हता. तोंड माझं हलत होतं आणि वरून कुणी पुरुष भरल्या गळ्यानं सांगत होता, की समुद्राच्या या लेकीला आपलं दुःख सांगायला शब्द सापडत नाहीत. मला! बाजारात माझ्या तोंडी लागायला गिऱ्हाईक दहा वेळा विचार करतं.

टाळ्या झाल्या. दिग्दर्शकानं माइक माझ्या हातात दिला. "मावशी, दोन शब्द."

मी म्हटलं, "माजं बोलनं कुठं हाय?"

"ते आपल्या विषयाबाहेरचं होतं."

"बाहेरचं कसं? तुमी बसलाव तितंच आमचं खळं व्हतं."

रडणाऱ्या बायका खाली फरशीकडे बघायला लागल्या. खादीतले मालक उठले, गोड हसले. "आज हा विषय नको. आपण सगळे एकाच बाजूचे आहोत ना?" आणि माझ्या हातातला माइक त्यांनी काढून घेतला. इतक्या हळुवार, की जणू मला ताप आला होता. मग चहा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदी मागणाऱ्या पक्षाचा माणूस दारात. कागद तयार, खाली माझ्या सहीची जागा मोकळी. "काकी, तुमची फसवणूक झाली. सही करा, सिनेमाच बंद पाडतो."

"आनि भिंत?"

"तो विषय वेगळा आहे."

मला हसूच फुटलं. सिनेमावाले आणि पक्षवाले, टीव्हीवर एकमेकांचे गळे धरणारे हे दोघे, आणि माझ्या भिंतीपाशी आले की दोघांची बोबडी एकसारखी वळते. एकाच माळेचे मणी. कागद त्याच्या हातात परत दिला.

सिनेमा बंद पडता कामा नये. चांगला गाजू दे. आता तो मुरुडला दाखवणार आहेत, मग बोर्लीला. मी एसटीनं तिथं जाणार. शेवटपर्यंत बघणार. दिवे लागले की दारात उभी राहणार आणि कापून टाकलेलं सगळं बोलणार, मालकाच्या नावासकट. माइक देऊ नका, मला लागत नाही. माझं बोलणं पुरं होईपर्यंत त्या दारातून कुणी बाहेर जाणार नाही.