साठ अंशांची कैची

हसायचं नाही, हे आधी कबूल करा, मगच सांगतो. नाही तर चहा प्या आणि चालू पडा!

लढाईचे दिवस होते. मी नुकताच नागपुरातून नकाशे काढायला शिकून आमच्या गावी, धनजला, परतलो होतो. अंगात काय तो रुबाब! गावची शाळा तेव्हा देवळाच्या ओट्यावर भरायची. लोकांनी राबून एका खोलीच्या भिंती उभ्या केल्या होत्या. पण शाळा तपासणारे साहेब बजावून गेलेले, पावसाळ्याआधी छप्पर नसेल तर शाळा दुसऱ्या गावाला देऊ. लढाईमुळे लोखंड तर औषधालाही मिळत नव्हतं. कापसाच्या एका बंद जिनिंग कारखान्यातले जुने अँगल, म्हणजे लोखंडी दांड्या, गुरुजींनी हातापाया पडून मिळवले. तेवढेच. ते बिघडले की शाळा गेली!

छपराच्या कैचीचा नकाशा मी छाती ठोकून अंगावर घेतला. कैची म्हणजे छपराची टिनं, म्हणजे पत्रे, पेलणारी लोखंडी चौकट. तिच्या दोन तिरप्या दांड्या वर माथ्याला एकमेकींना भिडतात. तिथला तिरपा काप मी काढला आणि शेजारी ऐटीत लिहिलं, साठ अंश.

लोखंड कापायचं काम कारंज्याच्या किसनमिस्त्रींकडे होतं. त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "भाऊ, हे साठ कुठून मोजू?"

आता सरळ सांगायला माझं काय जात होतं? पण नाही! म्हटलं, "मिस्त्री, कागदात सगळं आहे. नीट पाहा."

"बरं बापा!"

आठ दिवसांनी कापलेल्या दांड्या बैलगाडीतून आल्या. सारा गाव जमला. जमिनीवर दोन दांड्यांची तोंडं जुळवली, आणि काय सांगू! सोळा फुटांची खोली, अन् कैचीचे पाय एकमेकांपासून जेमतेम दहा फुटांवर. वर मात्र माथा आभाळात!

"काहून भाऊ, देऊळ बांधून राह्यला काय?" पाटील म्हणाले. "पोरं काय एकमेकांच्या खांद्यावर बसवाची?"

लोक खो खो हसले. गुरुजी मात्र हसले नाहीत. ते दगडावर बसून नुसते दांड्यांकडे बघत राहिले. 

आणि अशा वेळी मी काय करावं? मिस्त्रींवरच ओरडलो! "मिस्त्री, सगळं लोखंड वाया घालवलं तुम्ही!"

 मिस्त्रींनी बैलापुढचा ज्वारीचा एक धांडा उचलला, विळ्यानं आडवा छाटला. "हा सरळ काप. आमच्यात याले शून्य म्हणतात. इथून साठ तिरपं गेलो. तूच लिहिलं ना साठ?"

"अहो, पण मी दांडीच्या लांबीपासून साठ म्हटलं होतं! तुमचे तर लांबीपासून तीसच झाले!"

"मंग ते कागदात कुठं हाय?"

मी कागद उघडला. त्यावर दुहेरी चौकट होती, उत्तर दिशेचा बाण होता, कोपऱ्यात माझी वळणदार सही होती. कोन कुठून कुठपर्यंत, हे दाखवणारी इवलीशी कमान तेवढी नव्हती! दोन्ही कान पकडले आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "गुरुजी, चूक माझी."

"रडू नको," मिस्त्री म्हणाले. "काप पुन्हा घेऊ. दांडी अडीच इंच कमी होईल, पण भिंत दीड फुटाची हाय. आरामात बसते. फक्त करवत तू चालवशीन!"

तीन कैच्या, सहा दांड्या! दोन दिवस करवत ओढली. हाताला असे फोड आले की भाकरी मोडता येईना. पण कैच्या चढल्या, टिनं बसली, आणि पाऊस यायच्या आधी पोरं आत बसून पाढे म्हणू लागली. गुरुजींचे डोळे भरून आले, माझेही आले. खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी मिस्त्री काखेत काहीतरी घेऊन आले. माझाच नकाशा! लोखंडी पट्टीच्या चौकटीत बसवलेला, चारी कोपरे कसे केसाचीही फट न ठेवता जुळलेले. मी खूश! म्हटलं, चला, शेवटी कदर झाली.

चौकट शाळेच्या भिंतीवर टांगत मिस्त्री म्हणाले, "भाऊ, हे चारी काप पंचेचाळीसचे हायत. लांबीपासून मोज का सरळ कापापासून, तेवढेच येतात. तुह्यासाठी एवढा एकच कोन बरा!"