हाऊ राग कोना शे?

पारसकाकांचा मला राग होता. ते गेले तरी तो पुरता गेलेला नाही, आणि हे लिहिताना तो लपवायची माझी इच्छा नाही. लपवलेलं त्यांना चाललंही नसतं.

शहाद्यात शाळेत नोकरी लागली, खोली घेतली, त्याला दोनेक महिने झाले असतील. भाद्रपदातली सकाळ होती. दार वाजलं म्हणून उघडलं तर समोरच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानाचे मालक, हेच पारसकाका, हात जोडून उभे. पांढरा सदरा, पांढरं धोतर, आठ दिवसांच्या उपासानं ओढलेला चेहरा. आमची ओळख लाल पेनाच्या कांड्या घेण्यापुरतीच होती.

"सर, आषाढमा मी तुमना मांगे एक गोट बोलनू," ते म्हणाले. "हाऊ चष्मावाला मास्तर सोताले लई शहाना समजस, आसं चार गिऱ्हाइकसमोर बोलनू. मिच्छामि दुक्कडं. माफ करा."

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सुखात होतो. तो माणूस सकाळी सकाळी दारात येऊन मला नावं ठेवून गेला, वर त्याचीच माफी मागून गेला. मी चिडून म्हणालो, "हे मला सांगायची काय गरज होती?"

"गरज तुमले नही, माले शे," असं म्हणून ते पुढच्या घरी निघाले.

पुढे कळलं की जैनांच्या संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा हा नेम होता. वर्षभरात ज्याच्याशी वाईट वागलो, ज्याच्याबद्दल वाईट बोललो, त्याच्या दारात जायचं, नेमकं काय केलं ते सांगायचं, आणि मगच घरी येऊन पारणं करायचं. गावातले बाकीचे लोक मोबाईलवर एकच निरोप सगळ्यांना पाठवत, 'कळत-नकळत काही चूक झाली असल्यास क्षमस्व'. तो निरोप आला की काका फोन पालथा घालत. "नकळत काय ऱ्हास? सम्दं कळस," म्हणत. "मोघम माफी चालस नही."

दुकानातही त्यांची एक खोड होती. कोणी चिडून बोलू लागलं की ते काउंटरवर दोन्ही हात ठेवून शांतपणे विचारत, "हाऊ राग कोना शे?" हा राग कोणाचा आहे? वही फाटकी निघाली म्हणून भांडणाऱ्या बापाला विचारत, उशीर करणाऱ्या टेम्पोवाल्याला विचारत, आणि स्वतःचा आवाज चढला तर स्वतःलाही विचारत. एकदा बायकोवर खेकसता खेकसता मधेच थांबले, स्वतःला मोठ्यानं विचारलं आणि उत्तर दिलं, "मन्हा बापना शे. तो आसाच वरडे." मग काकूंसाठी पाणी आणायला स्वतः आत गेले. गिऱ्हाइकं हसली. मला ते नाटक वाटलं.

खरं सांगायचं तर मला त्यांच्या भाषेचाच संताप यायचा. त्यांचे आजोबा मारवाडातून आलेले, घरात ते मारवाडी बोलत, पण दुकानात, देवळात, तहसील कचेरीत, कुठंही त्यांची अहिराणी सुटत नसे. आणि मी इथल्याच रनाळ्याचा, सात पिढ्या अहिराणीच्या मातीतला, तरी त्यांच्याशी छापील मराठीत बोलायचो. पुण्यात वसतिगृहाच्या जेवणाच्या रांगेत एकदा माझ्या तोंडून 'शे' निघालं होतं, तेव्हा मुलं महिनाभर मला 'शेशे' म्हणून हाक मारत होती. त्या महिन्यात मी ठरवलं की हे तोंड आता पुन्हा घाण करायचं नाही. वीस वर्षं पाळलं. आई फोनवर विचारायची, "जेवना का रे?" मी म्हणायचो, "हो, जेवलो." पुढं पुढं आईच माझ्याशी अडखळत प्रमाण मराठी बोलू लागली. तलाठ्याशी बोलावं तसं. मी त्याचं कारण स्वतःला कधी विचारलं नाही, कारण ते मला माहीत होतं.

शाळेत माझा दरारा होता. 'माझ्या वर्गात शे नाही' हा माझा नियम. ज्याच्या तोंडून 'शे' निघेल त्यानं 'आहे' शंभरदा लिहायचं. आठवीत सोनल नावाची एक मुलगी होती. आवाज खणखणीत, बडबडी, आणि दर वाक्याला 'शे'. तिनं किती शंभर 'आहे' लिहिले असतील कोण जाणे. एकदा मी 'आमचे शेत' असा निबंध दिला. फळ्यावर विषय होता, तरी तिनं घरी निबंध लिहून झाल्यावर घाबरून पुन्हा वही काढली असणार आणि जिथं जिथं 'शे' दिसला तिथं तिथं तो खोडून 'आहे' केला असणार. वहीत लिहिलं होतं, 'आमचं आहेत गोमाई नदीच्या काठी आहे. आहेतात पपई आहे. आहेजारी मामाचं आहेत आहे.'

मी ते वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. चालीवर वाचलं. पोरं बाकांवर हात आपटून हसली. सोनलही आधी हसली, मग तिला कळलं की ते आपलंच आहे. त्या दिवसापासून ती वर्गात बोलायची बंद झाली. हजेरीला नुसता हात वर करायची.

हा किस्सा मी संध्याकाळी काकांच्या दुकानात रंगवून सांगितला. शाळेतले दोघे शिक्षक होते, ते पोट धरून हसले. काका हसले नाहीत. वहीला कव्हर घालत होते, ते थांबले.

"सर, पोरनी भीतीमा सोतानं शेत खोडं," ते म्हणाले. "तुमी काय काय खोडं? मायसंगे कोन्ही भाषामा बोलतस तुमी?"

माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. "तू कोन शे रे माले शिकाडनारा?" मी ओरडलो. "तुन्हा आजा मारवाडमाईन उना नि तू माले मन्ही भाषा शिकाडस? गप बस तुन्हा दुकानमा!"

दोघे शिक्षक माझ्याकडे बघतच राहिले. वीस वर्षांत पहिल्यांदा माझं तोंड उघडलं होतं, तेही भर दुकानात. काकांनी काउंटरवर दोन्ही हात ठेवले.

"हाऊ राग कोना शे, सर? मन्हावर तं नही. मी तं काल बी हाऊच व्हतू." आणि मग हळू आवाजात, "भाषा शे तुमनाकडे. फक्त रागना टाइमलेच तिले भायेर काढतस तुमी."

मी तिथून निघालो. वर्षभर त्या दुकानाची पायरी चढलो नाही. पेनाची साधी कांडी घ्यायलाही चौकाच्या पलीकडे जायचो. समोरासमोर राहून एखाद्याला टाळायला मेहनत लागते, ती मी घेतली. मनात त्यांना रोज उत्तरं देत होतो आणि सगळी उत्तरं अहिराणीत सुचत होती, त्यानं आणखी डोकं फिरायचं.

पुन्हा भाद्रपद आला. दार वाजलं. मला कोण आहे ते माहीत होतं, तरी उघडलं.

"सर, दोन मास्तरसमोर मी तुमनी मायनं नाव काढं. ते मी मुद्दाम काढं, तुमले दुखाडाकरता," ते म्हणाले. "तुमनं तोंड उतरनं ते दखीसन माले गोड वाटनं. ते गोड वाटनं तेच मन्हं पाप शे. मिच्छामि दुक्कडं."

एवढा वेळ मी त्यांना साळसूद समजत होतो. आपल्याला दुसऱ्याला दुखवून गोड वाटलं, असं कोणी दारात उभं राहून सांगतं का? मला तर वर्गात ती वही वाचताना किती गोड वाटलं होतं हे तेव्हाच आठवलं, आणि ते नको म्हणून मी घाईघाईनं हात जोडले. "माझ्याकडूनही काही चुकलं असल्यास..."

"ते 'असल्यास' काढी टाका," काका म्हणाले. आवाज चढला होता त्यांचा. "नि माले कसाले? त्या पोरले सांगा."

मी दार आपटलं. पण रविवारी गोमाईच्या काठी तिच्या शेतात गेलो. सोनल आणि तिची आई पपई कागदात गुंडाळत होत्या. वाटेनं मी वाक्यं जुळवत आलो होतो आणि माझ्या लक्षात आलं की मला अहिराणीत ओरडता येतं, माफी मागता येत नाही. त्या भाषेतला मऊ भाग मी कधीच टाकून दिला होता. शाळकरी पोरासारखा अडखळत म्हणालो, "सोनल, वर्गमा मी तुन्ही वही वाचीसन पोरेसले हसाडं. माले मजा वाटनी. ती मन्ही चूक झाली शे."

तिची आई हातातली पपई तशीच धरून उभी राहिली. सोनल मान खाली घालून पायानं ढेकूळ फोडत होती. वर न बघताच म्हणाली, "झायी."

"काय?"

"झाली नही, सर. झायी."

"झायी," मी म्हणालो. वर्षभरानं ती माझ्याशी बोलली होती, तेही माझी चूक काढायला. मला शरम वाटली आणि मोकळंही वाटलं.

काकांना जाऊन सांगितलं. वाटलं, शाबासकी देतील. ते म्हणाले, "बरं झायं. आते मायकडे कव्हय?" मी पुन्हा चिडलो आणि चहा अर्धा टाकून उठलो. त्यांचं हे असंच होतं, एक काटा निघाला की दुसऱ्यावर बोट. पुढची तीन वर्षं त्यांनी हे विचारलं आणि तीन वर्षं मी दिवाळीत, सुट्टीत, परीक्षा झाल्यावर असं म्हणत राहिलो.

या चैत्रात ते गेले. दुपारी दुकानात वह्या लावता लावता छातीत कळ आली, तेवढंच. मी सांत्वनाला, दारावर बसायला गेलो. लोक त्यांच्या चांगुलपणाबद्दल मोघम बोलत होते. मला उठून सांगावंसं वाटलं की हा माणूस चांगला नव्हता, हा खोचक होता, याला दुसऱ्याचं तोंड उतरलेलं बघून गोड वाटायचं, आणि ते यानं स्वतः मला सांगितलंय. पण सगळ्यांसारखे हात जोडून मी घरी आलो.

भाद्रपदात संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोनदा दार उघडून बघितलं. कोणी नव्हतं. समोरचं दुकान बंद होतं. मला असा राग आला त्यांचा, की एवढं मागे लागून हा माणूस ऐन वेळी निघून गेला. मी शाळेत रजा कळवली आणि बस धरून रनाळ्याला गेलो.

आई ओट्यावर चुलीपाशी होती. मला बघून म्हणाली, "आलास का? बस. चहा ठेवते." माझ्यासाठी शिकलेली तिची ती मराठी.

मी बसलो नाही. म्हणालो, "माय, पयली नोकरी लागनी तव्हय मी तुले फोनवर सांगं, तू मन्हासंगे नीट बोलत जाय, आजूबाजूले लोके ऱ्हातस. आसंच सांगं. तुन्ही माले लाज वाटे. ती मन्ही चूक झायी."

तिनं माझ्याकडे बघितलं. हातातला चिमटा चुलीच्या कडेवर आपटला.

"आते सांगस?" ती म्हणाली. "इतला वरीस मी तोंडमा दगड ठीसन बोलनू तुन्हासंगे. एक गोट धड सांगता उनी नही माले. तुन्हा बाप गया तव्हय बी मी तुले 'वडील वारले' आसं सांगं. मन्हा नवरा मरना नि मी 'वारले' म्हनू? बस आठे. बस, मी काय सांगस ते आयक."

ती बोलतच राहिली. चहा उतू गेला, शेजारीण डोकावून गेली, तरी थांबली नाही. मी ओट्यावर मांडी घालून ऐकत होतो. काका असते तर त्यांनी चुलीच्या कडेवर दोन्ही हात ठेवून विचारलं असतं, हाऊ राग कोना शे? मी सांगितलं असतं, मन्ही मायना शे. आनि मन्हावरच शे.