डालग्याखालची छकुली

तात्याबाला मेंढरं टोचून घ्यायची भारी हौस. जनावरांचा डॉक्टर वालचंदनगरकडच्या आमच्या वाडीत आला, की हा एकेक मेंढी धरून पुढं करायचा. आणि हाच गडी शहाण्णव साली पोलिओचा डोस आला, तेव्हा वाडीभर सांगत सुटला, की डोस पाजलेल्या पोरांना पुढं लेकरं होत नाहीत. मेंढरांचं दुखणं ओळखणारा माणूस, म्हणून वाडीनं ऐकलं. डोसाच्या दिवशी शाळेकडं एक पोर फिरकलं नाही.

दुपारी नर्सबाई स्वतःच वाडीत आल्या. त्या दिसताच तात्याबानं नात छकुली कोकरं झाकायच्या मोठ्या टोपलीखाली, डालग्याखाली, कोकरांसोबत झाकली आणि वर हात टेकून बसला. पोरगी मामाकडं गेलीय म्हणाला. तेवढ्यात आतून छकुली खिदळली. हसणारं कोकरू वाडीत पहिल्यांदाच निपजलं होतं. सून सारजा तोंडाला पदर लावून चुलीकडं पळाली. ही हकिकत मला तिनंच सांगितली, आणि मी काही पोटात ठेवणाऱ्यातला नव्हे.

नर्सबाई हसल्या नाहीत. शेजारी बसून त्यांनी विचारलं, भीती कशाची वाटते? तात्याबानं पुन्हा लेकरं न होण्याचं काढलं, पण जीभ अडखळली. मग खरं बाहेर आलं. मागल्या साली टोचल्यावर दोन मेंढ्या गाभडल्या, पोटातली कोकरं गेली होती. छकुलीला काही झालं तर, या विचारानं त्याला घास गिळवत नव्हता.

मेंढ्या कशानं गाभडल्या ते मला ठाऊक नाही, बाई म्हणाल्या. हा डोस माझ्या पोराला मी पाजलाय, एवढं सांगते. मग विचारलं, "औंदा मेंढरं टोचली का, तात्या?"

"टोचली की. एकाला रोग लागला तर कळप जातो."

बोलून गेला आणि मान खाली गेली. डालगं उचलून त्यानं छकुलीला कडेवर घेतलं.

शाळेच्या वाटेवर दत्तोबाचं घर. अंगणात त्याचा नातू सूरज खेळत होता. तात्याबाचे पाय तिथंच थांबले.

"दत्तोबा, ते लेकरं न व्हायचं मीच रचलं व्हतं. भ्या वाटतंय म्हणायची लाज वाटली."

दत्तोबानं सूरजला जवळ ओढलं. "भ्या मलाबी वाटत व्हतं, तात्या. खरं बोलला असतास तर दोघं मिळून गेलो असतो."

सूरजला खांद्यावर टाकून दत्तोबा शाळेकडं निघाला. छकुलीलाही त्यानं सोबत नेलं. तात्याबा शेजारच्या दारात जाऊन उभा राहिला, आणि वर न बघता सगळं पहिल्यापासून सांगू लागला.