ठसका लागला म्हणून पोर वाचलं

माझी सासू देवाचा प्रसादसुद्धा वास घेऊन मगच तोंडात टाकायची.

मला तर ती कितीतरी वर्षं चोरच समजत होती. वाळत घातलेले बोंबील कमी दिसले की आधी माझ्याकडे बघायची, मग कावळ्यांकडे.

आज तिची पुण्यतिथी. फोटोला हार घातलाय. गोड गोड बाकीचे लिहितीलच, मी खरं काय ते लिहिते.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. माझा थोरला तेव्हा लहान. ताप भरला, ओकला. उजेड दिसला की किंचाळायचा.

उचलून घेतलं की जास्तच रडायचा. मान मागं ताठ.

शेजारीण म्हणाली, "दृष्ट लागली गो. भगताला बोलवा."

सासूनं मीठमिरच्या ओवाळल्या नि चुलीत टाकल्या. दृष्ट असली तर मिरच्या जळून ठसका लागत नाही, ही आमच्याकडची परीक्षा.

सगळं घर खोकून खोकून बेजार!

सासू डोळे पुसत म्हणाली, "दृष्ट न्हाय ही. आजार हाय. जा, टांगा सांग."

"आणि भगत?" शेजारणीनं विचारलं.

"त्याला कोंबडी पायजे. माज्या नातवाला दवा पायजे."

अलिबागला हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, मेंदूचा ताप दिसतोय. पाठीतून पाणी काढून बघायचं.

सासू दारात आडवी. "दुखतंय डोकं नि सुई पाठीत? पांगला करशील पोराला!"

नर्स म्हणाली, "आजी, मेंदूभोवतीचं पाणी पाठीपर्यंत असतं. स्वच्छ निघालं तर मला शिव्या द्या."

शिव्या द्यायला मिळतील म्हणून बाजूला झाली बहुतेक.

पाणी गढूळ निघालं. तांदळाच्या धुवणासारखं. सासूनं नळी उजेडाला धरायला लावली, निरखून बघितलं.

"टोच तुजं इंजेक्शन," म्हणाली.

मग खिडकीला चादर, कपाळावर ओलं फडकं, सारखी कूस बदलायची, चमच्यानं पेज. सगळं नर्सनं शिकवलं.

औषधाचा थेंब सासू आधी स्वतःच्या जिभेवर घ्यायची.

"विष नाही हो आजी."

"ते मी बघीन."

ताप उतरला. पोरगा उठून बसला. मी रडले, नवऱ्यानं वॉर्डभर पेढे वाटले.

सासूचा चेहरा तसाच. या तापात कधी कधी कान जातात, असं नर्स बोलून गेली होती. ते हिनं धरून ठेवलेलं.

गुपचूप त्याच्या पाठीमागं गेली आणि ताट धाडकन फरशीवर आपटलं.

पोरगा दचकला. वळून ओरडला, "आजे, गप!"

तिनं पुन्हा आपटलं. पुन्हा शिवी खाल्ली.

मग तिथंच फरशीवर बसली. किती वेळ उठलीच नाही.

आई, माझी मनापासून श्रद्धांजली. खरी की खोटी, ते तू तपासूनच घेशील.