न्हाणीच्या पाण्यावरची वांगी

बहात्तरच्या दुष्काळात शेलूबाजारला आमच्या परसात वांगी लागत होती, आणि मला त्याचा चांगलाच तोरा होता. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तिथं भाड्यानं राहत होतो. विहिरीनं तळ गाठला होता, म्हणून मी चर खणून न्हाणीचं पाणी आधी कर्दळीत आणि तिथून वाफ्यांत सोडलं होतं. भाजीची देठं-सालं मुळाशी पुरायची, ओल टिकावी म्हणून वर वाळका पाला अंथरायचा, मावा पडला की चुलीतली राख भुरभुरायची. दुकानातली पावडर कधी घरात आणली नाही. हे सगळं आईनं शिकवलेलं; मी नुसती मिरवत होते.

कुंपणापलीकडे शेतकऱ्याचं घर होतं. तिथली बाई माझ्याच वयाची, बोलायला मोकळी. आम्ही बौद्ध, हे तिला आल्याआल्याच कळलं होतं, तरी तिनं बोलणं तोडलं नाही, याचंच मला केवढं अप्रूप. वांगी निघाली की तिच्या वाट्याची कुंपणाच्या दगडावर ठेवून मी हाक मारायची. एका सकाळी पाहिलं, तर माझी वांगी तिच्या म्हशीपुढं पडलेली.

आधी नुसती धुमसत राहिले. मग न राहवून कुंपणाशी जाऊन विचारलं, "आमच्या हातचं चालत नाई का वो तुमाले?"

ती गडबडली. "हातचं नाई वो बाई. न्हानीच्या पान्याचं. आंगाचा मळ प्यालेलं वांगं कसं खावाव?"

राग यायला हवा होता. उलट मला इतकं हलकं वाटलं की मी हसले. घाण होतं ते पाणी, मी नव्हे. त्या हलकं वाटण्याची मला आजही लाज वाटते. कर्दळीतून, मातीतून मुरत येणारं पाणी झाडाला बाधत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. 

तरी दुसऱ्या दिवशी मी चर बुजवला. लोक घागरभर पाण्यासाठी ताटकळत होते आणि आमच्या आंघोळीचं पाणी रस्त्यावर वाहत होतं. मिरच्या गेल्या, वाल गेला. नवरा म्हणाला, वेड लागलंय तुला. कोणासाठी हे चाललंय, ते त्यानं विचारलं नाही. वांग्याची उरलीसुरली झाडं मी पिण्याच्या घागरीतलं पाणी घालून जगवली.

त्यांना वांगी धरली तशी ओच्यात घेऊन कुंपणाशी गेले. विहिरीच्या पाण्यावरची आहेत, म्हणून सांगितलं. या वेळी दगडावर न ठेवता तिच्या हातात द्यायला हात पुढं केला.

तिनं मागं आपल्या घराकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "ठेवा ना तिथंच, खाली."

मी वांगी पदरानं पुसली, वाकले, आणि खाली ठेवली.