इनामगावच्या पेवातली बाटली

लुकाचा ई-मेल मी आधी कचऱ्यात टाकणार होतो. परदेशातून येणाऱ्या ई-मेलमध्ये हल्ली लॉटरी नाहीतर कुण्या राजपुत्राचं घबाड असतं. पण नाव ओळखीचं निघालं. दहा वर्षांपूर्वी रांजणगावला आमच्या कारखान्यात मशीन बसवायला आलेला हा इटालियन इंजिनिअर. त्यानं लिहिलं होतं, "इनामगावची जुनी वस्ती बघायला गेलो होतो, तिथं भेटलेल्या यशवंतमामांकडे जाताना माझ्या वडिलांच्या डोंगरातल्या मळ्यातली रेड वाईन ठेवून आलो होतो. दहा वर्षांनी येऊन उघडायची ठरली होती. आता गुडघे येऊ देत नाहीत. तू जा, उघड, एक ग्लास माझ्या नावानं पी आणि कशी झालीय ते कळव. बुचावर बोकडाचा छाप आहे. तळाशी गाळ दिसला तर घाबरू नकोस."

दहा वर्षं, शिरूर तालुक्यात, भरलेली बाटली! मी बायकोला, मेधाला, म्हटलं, "आत आता चिंचेचं पाणी असणार."

"तू आपल्या लग्नात मंगळसूत्राचं सोनं घासून बघितलं होतंस," ती म्हणाली. हे साफ खोटं आहे. मी फक्त पावती मागितली होती. पण माझं कामच तसं आहे. कारखान्यात बाहेरून आलेला माल तपासायचा आणि त्याला पास नाहीतर रिजेक्टची चिठ्ठी लावायची. वीस वर्षं मी संशयावर पोट भरतोय.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी सातला पुण्याहून निघालो. आमची जुनी मारुती, दोन काचेचे ग्लास टॉवेलमध्ये गुंडाळलेले, आणि कॅम्पातून आणलेलं बूच काढायचं यंत्र. सोलापूर रस्त्यानं चौफुल्यापर्यंत रस्ता सुरेख आहे. तिथं मिसळ खाल्ली. रस्सा झणझणीत, पाव कालचा. तुम्ही या दिवसांत जाणार असाल तर वेळ हाताशी ठेवा, कारण पुढे उसाच्या ट्रॅक्टरांना दोन-दोन ट्रॉल्या असतात आणि ओव्हरटेक करायचा तर देवाचं नाव घ्यावं लागतं.

वाटेत एका गुऱ्हाळावर थांबलो. गूळ फारच पिवळाधमक होता. मी विचारलं, "पावडर टाकता का यात?"

गुऱ्हाळवाले आप्पा झारा खाली ठेवून म्हणाले, "टाकतो म्हनलं तर तुम्ही घेनार न्हाई. न्हाई म्हनलं तर तुम्हाला पटनार न्हाई. मंग इचारता कशाला?"

मेधा गाडीपर्यंत हसत आली. गूळ तिनंच घेतला.

पारगावला भीमा ओलांडली आणि न्हावऱ्याहून आत वळलो. इथून पुढे रस्ता नावापुरता. घोड नदीच्या काठाला इनामगाव. यशवंतमामा पासष्टीचे, पांढरा सदरा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. चहा झाल्यावर मी लगेच मुद्द्यावर आलो, "बाटली आहे ना?"

"हाय की. पर घरात न्हाई. आमच्या घरात पंचशील हाय, मी दारू तोंडाला लावत न्हाई. चला रानात."

रानात विहिरीच्या पलीकडे, कडुलिंबाच्या सावलीत एक फरशी होती. मामांनी ती सरकवली. खाली पोटाएवढं खोल पेव, पूर्वी धान्य साठवायला जमिनीत खणायचे तसं. "हितल्या जुन्या वस्तीच्या पांढरीच्या टेकाडावर खोदकाम चाललं व्हतं, तवा मी रोजावर व्हतो," ते म्हणाले. "हजारो वर्सांपूर्वीची मानसं अशीच धान्य ठेवायची. त्या पेवांची माती मी ह्या हातानं काढलीय. आत गारवा कसा ऱ्हातो, ते तवाच ध्यानात आलं. साहेबाला म्हनलं, तुमच्या डोंगरावानी थंडी न्हाई, पर आमची माती राखती."

भुशात आडवी ठेवलेली बाटली त्यांनी वर काढली. लेबल नव्हतं! तोंडावर जाडजूड मेण थापलेलं. तळाशी गाळ. माझ्या कामात एवढ्यावर माल परत जातो.

"लेबल कुठं गेलं?"

"वाळवीनं खाल्लं. कागुद सोडती व्हय ती? मंग बूच बी खाईल, म्हनून मेण लावलं."

सगळं पटण्यासारखं होतं. आणि मला नेमकं तेच खटकत होतं. मी बाटली उन्हात धरून फिरवत राहिलो. मामा माझ्याकडे बघत होते.

"उघडलीय का म्हनून बघताय?" ते शांतपणे म्हणाले. "बघा. गावानं कवाच ठरवलंय. पानी शिरलं का बघाय म्हैन्यातून एकदा यायचो, तर गाव म्हनायचं, मामा चोरून पितो. पोराची एक सोयरीक त्याच्यावरनंच मोडली."

"मग फेकून का नाही दिलीत?" मेधानं विचारलं.

"ठेव हाय ताई. त्या मानसानं इस्वासानं दिली. फेकायला ती माझी हाय का?"

मी मेण खरवडलं आणि यंत्र फिरवलं. बोकडाची खूण मी मामांना मुद्दाम सांगितली नव्हती. बूच चिवट, हळूहळू वर आलं. एका बाजूनं जांभळं झालेलं, आणि मधोमध शिंगं उगारलेला छोटासा बोकड. मला त्या माणसासमोर मान वर करवेना.

वाईन ओतली. गडद लाल, कडेला विटकरी. पहिला घोट तुरट लागला. जरा थांबलो, तर वाळल्या जांभळांसारखी चव उमलत गेली आणि गिळल्यावरही किती वेळ तोंडात राहिली. मला वाईनमधलं फार कळत नाही, पण एवढं मुरलेलं काही मी आजवर प्यालो नव्हतो. परतताना गाडी मेधा चालवणार होती, म्हणून तिनं एकच घोट घेतला आणि डोळे मिटले.

मामा जवळ येऊन विचारत होते, "कशी हाय? बिघडली तर न्हाई ना?" दहा वर्षं सांभाळलेली वस्तू कशी झाली, हे त्यांना माझ्याच तोंडून कळणार होतं.

"उत्तम आहे, मामा. अगदी उत्तम."

त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "ताई म्हनत व्हत्या, तुम्ही कंपनीत पास का नापास लिवता. तसं लिवून द्या."

गाडीतल्या वहीचं पान फाडलं. लिहिलं: 'बाटली न उघडलेली मिळाली. बूच मूळचे. माल उत्तम स्थितीत. साठवण योग्य.' खाली सही.

मामांनी दोनदा वाचलं. "हुद्दा बी टाका," म्हणाले.

येताना शिरूरमार्गे आलो. कोरेगाव भीमाला तासभर ट्रॅफिकमध्ये अडकलो, पण मी कुणालाही शिवी दिली नाही, असं मेधाचं म्हणणं आहे. बूच लावून आणलेली उरलेली वाईन आम्ही दोघांनी दोन दिवसांत संपवली. लुकाला फोटोसकट कळवलं. पेट्रोल, मिसळ, गूळ धरून सहल स्वस्तात झाली. गूळही चांगला निघाला.

आठवड्यानं मामांचा फोन आला. कागद त्यांनी चहाच्या टपरीवर लावला होता आणि सगळं गाव वाचून गेलं होतं.

"मग? पटलं ना लोकांना?" मी विचारलं.

"निम्म्यांना पटलं. बाकीचे इचारत्यात, सही करताना साहेब प्यालेला व्हता का?"

प्यालेला तर होतोच. वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या सहीवर कुणी शंका घेतली नव्हती.

"मामा, आता काय करायचं?"

पलीकडे ते हसले. "काय न्हाई. चा प्या. दहा वर्सांत तुम्हालाबी सवय व्हईल."